परदेशात घड्याळ बदलतं तेव्हा: कोल्हापुरातलं ऑफिस कॅलेंडर दुरुस्त कसं करायचं

२५ ऑक्टोबर २०२६ च्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातील. त्यानंतर बरोबर आठवड्याने, १ नोव्हेंबरला, अमेरिकेतली. उन्हाळ्यात तासभर पुढे केलेलं घड्याळ हिवाळ्यात परत मागे घ्यायची ही पद्धत म्हणजे डेलाइट सेव्हिंग. दसरा नुकताच होऊन गेलेला असेल आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे बोनस, रजा आणि दिवाळीआधीचं डिस्पॅच अशा सगळ्या गडबडीत शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या ऑफिसांमधली सामायिक कॅलेंडरं हलायला लागतील. दर मंगळवारी साडेसहाला असणारी मीटिंग साडेसातला दिसेल, कॉन्फरन्स रूमवर दोघे हक्क सांगतील आणि तिकडे ग्राहक कॉलवर एकटाच बसून राहील.

एक्स्पोर्ट डेस्कवर, प्रोजेक्ट कोऑर्डिनेशनला किंवा एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितोय. कॅलेंडर सांभाळायचं काम नव्या माणसाकडे लगेच येतं, पण ते कसं करायचं हे सहसा कुणी बसून शिकवत नाही. मग ज्या दिवशी गोंधळ होतो त्या दिवशी बोलणी त्यालाच बसतात. हे मला अजिबात पटत नाही, कारण ही गोष्ट अर्ध्या तासात शिकता येते.

एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कॅलेंडरमधली प्रत्येक मीटिंग कुठल्यातरी एका ठिकाणच्या घड्याळाला बांधलेली असते. त्या ठिकाणची वेळ कायम राहते, बाकी सगळ्यांची हलते. त्यामुळे गोंधळ झाला की ‘मीटिंग किती वाजता?’ याच्या आधी ‘ही मीटिंग कुणाच्या घड्याळाची?’ हे विचारा. याचं उत्तर सापडलं की दुरुस्ती आपोआप समजते. ते न शोधता मीटिंग तासभर वर-खाली ओढली, तर मार्चमध्ये तोच गोंधळ उलट्या बाजूने परत येतो.

आधी थोडं गणित

भारतात घड्याळ बदलत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, आपल्याकडेही ते एक तास पुढे केलं होतं. त्यानंतर मात्र वर्षभर एकच वेळ, यूटीसीच्या (जगभरातली घड्याळं जिच्यावरून मोजतात त्या प्रमाण वेळेच्या) साडेपाच तास पुढे. त्यामुळे ‘आपलं काही बदललंच नाही, मग आपलं कॅलेंडर का बिघडलं?’ असा प्रश्न नव्या माणसाला पडतो, आणि तो रास्त आहे. आपलं घड्याळ जागेवरच असतं, पण मीटिंग ज्या घड्याळाला बांधली आहे ते सरकतं.

उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. शिकागो साडेदहा आणि साडेअकरा. जर्मनी साडेतीन आणि साडेचार, लंडन साडेचार आणि साडेपाच. सिडनी आपल्या पुढे आहे आणि तिथले ऋतू उलटे, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर साडेचार तास आणि बाकीचे महिने साडेपाच.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. हा नियम २००७ पासून आहे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. तिथे सगळीकडे हा बदल एकाच क्षणी होतो, आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळी साडेसहाची वेळ असते. पुढच्या वर्षी, २०२७ मध्ये, अमेरिका १४ मार्चला आणि युरोप २८ मार्चला बदलेल. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये हा प्रकार बंद करण्याच्या बाजूने मतदान केलं होतं, पण ते अमलात आलेलं नाही. तेव्हा ‘आता ते बंद झालंय’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

या दोन तारखांच्या मधले दिवस सगळ्यात घातक. ऑक्टोबरअखेरीस ते एक आठवडा असतात, मार्चमध्ये दोन किंवा तीन आठवडे. एक उदाहरण घ्या. कास्टिंगच्या ऑर्डरवर दर मंगळवारी तिघांची मीटिंग आहे: ओहायोतला खरेदीदार सकाळी ९ ला, जर्मनीतला डिझाइनवाला दुपारी ३ ला, आपण संध्याकाळी ६:३० ला. ही मीटिंग ओहायोच्या घड्याळाची आहे असं समजा. मंगळवार २७ ऑक्टोबरला आपल्याला ती ६:३० लाच दिसेल, पण जर्मन माणसाला दुपारी २ ला. पुढच्या मंगळवारी, ३ नोव्हेंबरला, तो परत ३ वर येईल आणि आपण ७:३० वर जाऊ. कॅलेंडर दोन्ही वेळा बरोबरच सांगत असतं. माणसं मात्र सवयीने जुन्याच वेळेला येतात.

पायरी १: काहीही ओढू नका, तारीख बघा

मीटिंग चुकीच्या वेळेला दिसली की माउसने धरून जागेवर आणून ठेवायचा मोह होतो. तो आवरा. मीटिंग दुसऱ्याने बोलावलेली असेल तर तुम्ही ओढलेली मीटिंग फक्त तुमच्याच कॅलेंडरमध्ये हलते, बाकीच्यांची तिथेच राहते. मग तुमच्या साहेबांना एक वेळ दिसते, क्वालिटीवाल्यांना दुसरी, आणि बोलावणाऱ्याने पुढचा अपडेट पाठवला की तुमची परत उडते.

त्याऐवजी कॅलेंडर आठवड्याच्या दृश्यात ठेवा आणि एक एक आठवडा पुढे-मागे करून मीटिंग कोणत्या तारखेपासून सरकली ते बघा. माझ्या मते सगळ्या तपासणीत हीच सगळ्यात उपयोगी युक्ती आहे. २५ ऑक्टोबरनंतर सरकली असेल तर ती युरोपच्या किंवा लंडनच्या घड्याळाला बांधलेली आहे. १ नोव्हेंबरनंतर सरकली तर अमेरिकेच्या. ४ ऑक्टोबरनंतर सरकली तर सिडनी किंवा मेलबर्नच्या. या तारखांशी काहीच संबंध नसेल तर डेलाइट सेव्हिंगचा विषयच नाही. कुणीतरी मीटिंग खरोखर हलवली आहे, त्याला फोन करा.

स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. दुरुस्ती करताना मूळ काय होतं ते लागतं.

पायरी २: आपला कॉम्प्युटर तपासा

विंडोजमध्ये तारीख आणि वेळेच्या सेटिंगमध्ये जा. टाइम झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ असायला हवा. घड्याळ बरोबर दिसतंय म्हणजे झोनही बरोबर आहे असं धरू नका. परदेशातून परत आल्यावर काही जण झोन न बदलता हाताने घड्याळच पुढे करतात. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात वेळ बरोबर दिसते आणि कॅलेंडरमधलं सगळं चुकतं.

जुना आउटलुक कॉम्प्युटरचाच झोन घेतो. वेबवरच्या आउटलुकला आणि गुगल कॅलेंडरला मात्र स्वतःची वेगळी सेटिंग असते, ती सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळी बघावी लागते. गुगलमध्ये आणखी एक बारकावा आहे: तुमच्या खात्याचा झोन वेगळा आणि प्रत्येक कॅलेंडरचा वेगळा. ‘डिस्पॅच’, ‘क्वालिटी’, ‘व्हिजिटर्स’ अशी सामायिक कॅलेंडरं कुणी कधी तयार केली ते कुणाला आठवत नसतं. प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन झोन एकदा बघून घ्या.

पायरी ३: मीटिंग उघडा, दोन गोष्टी वाचा

पहिली, बोलावणारा कोण. दुसरी, झोन कोणता. जुन्या आउटलुकमध्ये मीटिंग उघडल्यावर वरच्या पट्टीत ‘टाइम झोन्स’ बटण असतं. ते दाबलं की वेळेशेजारी झोन दिसतो. नव्या आउटलुकमध्ये आणि गुगलमध्ये वेळेच्या चौकटीजवळच झोनची सोय आहे. निमंत्रणाच्या मेलमध्येही बहुधा वेळेपुढे झोन लिहिलेला असतो.

इथे विंडोजची यादी नव्या माणसाला हमखास चकवते. ‘यूटीसी-०५:०० ईस्टर्न टाइम’ (म्हणजे न्यूयॉर्क, ओहायोची वेळ) असं तिथे बारा महिने लिहिलेलं असतं, जुलैतही, जेव्हा प्रत्यक्षात फरक चार तासांचा असतो. तो आकडा हिवाळ्यातला आहे. त्यामागचं गावाचं किंवा प्रदेशाचं नाव महत्त्वाचं, आकड्याकडे बघून झोन निवडू नका. लंडनसाठी ‘यूटीसी+००:००’ शोधताना लोक ‘मोनरोव्हिया, रेक्याविक’ किंवा नुसतं ‘यूटीसी’ निवडतात. हिवाळाभर सगळं सुरळीत चालतं आणि मार्चअखेरीस लंडनचा माणूस तासभर चुकतो. तसंच ‘ॲरिझोना’चं. त्या राज्याच्या बहुतेक भागात घड्याळ बदलत नाही, त्यामुळे डेन्व्हरच्या ग्राहकासाठी तो झोन निवडला की अर्ध वर्ष चूक.

पायरी ४: कारण ओळखा, त्याप्रमाणे दुरुस्ती करा

बोलावणारा परदेशात आहे आणि झोनही त्याचाच आहे, तर कॅलेंडरमध्ये काहीच बिघडलेलं नाही. त्याचे सकाळचे ९ कायम आहेत, आपली वेळ सरकली आहे. इथे दुरुस्ती करायची ती आपल्या वेळापत्रकाची. आणि एक प्रश्न जरूर विचारा: ही वेळ आपल्याला झेपणार आहे का? साडेसातला सुरू झालेली मीटिंग साडेआठला संपते. स्टाफची बस गेलेली असते, एमआयडीसीतून घरी जायचं असतं, आणि मुलींना हे जास्त जड जातं. नवे लोक संकोचाने गप्प बसतात. बसू नका. वरिष्ठांना सांगून ग्राहकाला साधा मेल पाठवा: ‘नोव्हेंबर ते मार्च आपण तुमच्या सकाळी ८ ला भेटू शकतो का? म्हणजे आमची वेळ संध्याकाळी ६:३० च राहील.’ विचारण्यात काही कमीपणा नाही. तारखा आणि दोन्हीकडच्या वेळा स्पष्ट लिहिल्या की समोरच्याला ठरवायला सोपं जातं.

बोलावणारे आपण आहोत आणि झोन भारताचा आहे, तर आपल्याला काहीच हललेलं दिसणार नाही. तक्रार तिकडून येईल. जर्मन माणसाला सकाळी १० ची मीटिंग अचानक ९ ला दिसू लागेल. मीटिंग नक्की कुणाच्या सोयीची हे इथे ठरवावं लागतं. ग्राहकाची वेळ कायम ठेवायची असेल तर मीटिंगचा झोन बदलून बर्लिनचा करा. नुसता झोन बदलून थांबू नका, वेळही तिथली लिहा: बर्लिन, सकाळी १०.

तिसरं कारण सापडायला अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मीटिंग पूर्ण कोल्हापुरातली. येणारे सगळे एकाच इमारतीतले. रोज सकाळी ११ चा प्रॉडक्शन आढावा, आणि २६ ऑक्टोबरपासून तो सगळ्यांना १२ ला दिसतो. परदेशाचा काडीचा संबंध नाही. अशा वेळी मीटिंग कुणी तयार केली ते बघा. बहुतेकदा तो माणूस उन्हाळ्यात जर्मनीला मशीन ट्रायलला जाऊन आलेला असतो आणि त्याच्या लॅपटॉपचा झोन बर्लिनचाच राहिलेला असतो. त्याने तेव्हा मीटिंग टाकली ती ‘बर्लिन सकाळी ७:३०’ म्हणून नोंदली गेली. आपल्याला ती ११ ला दिसली, सगळ्यांनी होकार दिला, आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. आधी त्या लॅपटॉपचा झोन सुधारा, मग मीटिंगचा. क्रम उलटा केलात तर पुढची मीटिंग पुन्हा तशीच तयार होईल.

चौथं, बाहेरून आलेल्या फाइल. एखादं हजेरीचं किंवा ईआरपीचं सॉफ्टवेअर आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) देतं आणि ती आपण कॅलेंडरमध्ये घेतो. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. सुरुवातीच्या वेळेच्या आकड्यांनंतर इंग्रजी झेड अक्षर असेल तर ती वेळ यूटीसीत आहे आणि ती कुठल्याच देशाच्या बदलाबरोबर हलणार नाही. आपल्याला चालेल, परदेशातल्या माणसाला नाही. दर आठवड्याची मीटिंग असेल तर ती फाइल सोडून द्या आणि योग्य झोन निवडून मीटिंग हाताने नव्याने तयार करा.

पाचवं कारण जुन्या कॉम्प्युटरचं. कोणत्या देशात घड्याळ कधी बदलतं याची यादी सिस्टीमच्या अपडेटबरोबर येते, आणि देश नियम बदलत असतात. ब्राझीलने २०१९ मध्ये घड्याळ बदलणं बंद केलं, मेक्सिकोने २०२२ मध्ये. मेक्सिकोत फक्त अमेरिकेच्या सीमेलगतची काही शहरं अजून अमेरिकेप्रमाणे बदलतात. मेक्सिकोतल्या ऑटो प्लांटला माल जात असेल तर हे लक्षात असू द्या. कोपऱ्यातला अपडेट न झालेला पीसी तिथे अजूनही उन्हाळी वेळ लावेल.

पायरी ५: मालिका मागून नाही, पुढून बदला

वर्षभर चालत आलेली मीटिंग सुरुवातीपासून बदलू नका. झालेल्या मीटिंगांच्या नोंदी बिघडू शकतात आणि मध्येच हलवलेल्या तारखा मूळ वेळेवर परत जाऊ शकतात. गुगलमध्ये ‘ही आणि यापुढच्या’ असा पर्याय मिळतो, तो वापरा. आउटलुकमध्ये जुन्या मालिकेला घड्याळबदलाच्या आधीची शेवटची तारीख द्या आणि पुढची मालिका योग्य झोन लावून नव्याने पाठवा. सेव्ह करण्याआधी चार आठवडे पडताळा: बदलाच्या आधीचा, दोन बदलांमधला, नंतरचा आणि पुढच्या मार्चच्या मधोमधचा. हे चारही बरोबर दिसले तरच पाठवा. एकाच मीटिंगचे तीन-तीन सुधारित मेल गेले की लोक ते वाचणंच सोडतात.

पायरी ६: खोली, चहा, गाडी

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. ग्राहकाची मीटिंग त्याच्या झोनमध्ये असते, पण कॉन्फरन्स रूम आपण वेगळी, भारतीय वेळेने बुक केलेली असते. १ नोव्हेंबरनंतर मीटिंग ७:३० ला जाते आणि खोली ६:३० लाच अडकून राहते. ७:३० ला तिथे दुसऱ्या कुणाचा कॉल सुरू झालेला असतो. म्हणून मीटिंग सुधारली की खोलीचं कॅलेंडर उघडून त्याच आठवड्यांत शोधा. परदेशी मीटिंगसाठीची खोली शक्यतो त्याच झोनमध्ये बुक करा, म्हणजे दोन्ही बरोबर हलतील. सिक्युरिटी, कँटीन आणि गाडी ठरवणाऱ्याला मात्र कॅलेंडर दिसत नसतं, त्यांना तोंडी सांगा.

दिवसभराच्या नोंदींचंही बघा. ‘ग्राहक ऑडिट’ अशी दिवसभराची नोंद परदेशातून आली तर ती आउटलुकमध्ये तिथल्या मध्यरात्रीपासून मोजली जाते आणि आपल्याकडे दोन तारखांवर पसरलेली दिसू शकते. मेल करून तारीख विचारून घ्या आणि आपल्या कॅलेंडरमध्ये वेगळी नोंद करा.

पायरी ७: एक निरोप, सगळ्यांना

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि मेलवर एकच मजकूर टाका. संक्षेप टाळा. भर जुलैत ‘ईएसटी’ (ईस्टर्न स्टँडर्ड टाइम) लिहिणारे पुष्कळ आहेत. ती खरं तर हिवाळी वेळ असते, आणि शब्दशः घेतली की तासाचा फरक पडतो. गावाचं नाव लिहा:

‘मंगळवार ३ नोव्हेंबरपासून ओहायोची मीटिंग कोल्हापूर संध्याकाळी ७:३०, ओहायो सकाळी ९, जर्मनी दुपारी ३. मंगळवार २७ ऑक्टोबरची मीटिंग कोल्हापूर ६:३० लाच, पण जर्मनीसाठी दुपारी २. खोली तीच. कॅलेंडर दुरुस्त केलं आहे, कुणी मीटिंग हलवू नये.’

शेवटचं वाक्य वगळू नका. तुम्ही सगळं नीट लावता आणि एखादा जण मदत म्हणून परत ओढतो, असं बऱ्याच ठिकाणी होतं.

पुढच्या वेळेसाठी

सामायिक कॅलेंडरमध्ये घड्याळबदलाच्या तारखा दिवसभराच्या नोंदी म्हणून आत्ताच टाका: ४ ऑक्टोबर, २५ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, मग १४ मार्च, २८ मार्च आणि ऑस्ट्रेलियासाठी ४ एप्रिल २०२७. प्रत्येकीच्या दोन आठवडे आधीची आठवण लावा. जपान, चीन, दुबई यांच्यासाठी काही करायला नको, तिथे घड्याळ बदलत नाही.

आउटलुक आणि गुगल दोन्हींत शेजारी दुसरा झोन दाखवता येतो. जुन्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, कॅलेंडर या वाटेने. गुगलमध्ये सेटिंग्जच्या टाइम झोन विभागात. तुमचा सगळ्यात मोठा ग्राहक ज्या गावात आहे ते तिथे लावून ठेवा. आकडेमोड करायची वेळच येत नाही आणि भेट ठरवताना समोरच्याच्या पहाटे तीनला कॉल लागत नाही.

मार्चचा बदल ऑक्टोबरपेक्षा जास्त काळजीने घ्या. वर्षअखेरीची बिलं, स्टॉकची मोजणी आणि ऑडिट याच महिन्यात येतात. त्यात अमेरिका बदलल्यानंतर युरोप बदलेपर्यंत पूर्ण दोन आठवडे जातात, कधी तीन. २०२७ मध्ये १४ ते २८ मार्च. तिघांच्या मीटिंगा असतील तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्या एक एक उघडून झोन वाचा आणि त्या दोन आठवड्यांच्या वेळा ग्राहकाकडून मेलवर पक्क्या करून घ्या.